स्वागतमंत्र्याचा पांढरा सूट

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून डायरी. राष्ट्राध्यक्ष होणाऱ्या माणसाची डायरी असावी लागते. नंतर लोक विचारतात, तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं म्हणून.

मनात हे चाललं होतं: पा क्वेसी बोटीवर नोकरीला निघालाय. शनिवारी दुपारी, आंटी मान्साच्या केंकीच्या टपरीवर, तो ग्रुपचं अ‍ॅडमिनपद सोडणार. ग्रुपचं नाव 'केंकी कॅबिनेट'. ताकोराडीतले जेवढे जण मान्साकडचे मक्याचे आंबट गोळे नि मासे खातात ते सगळे त्यात, आणि प्रत्येक जण मंत्री. कुकू ट्रोट्रो मिनीबसवर कंडक्टर आहे, तो मासेमंत्री. आंटी मान्सा स्वतः मिरचीमंत्री. पा क्वेसी राष्ट्राध्यक्ष. मी स्वागतमंत्री. हे खातं मला कुणी दिलं नाही, मीच घेतलं. नेतृत्व म्हणतात ते हेच.

पा क्वेसी म्हणाला, शनिवारपर्यंत बघतो कोण लायक आहे. माझ्याकडे बघून म्हणाला. कुकूचं म्हणणं, तो माझ्यामागच्या माशांच्या परातीकडे बघत होता. कुकू जळतो.

संकल्प: शनिवारपर्यंत रोज एक दर्जेदार विनोद. दुसऱ्यांचे फॉरवर्ड बंद. दुकान वेळेवर उघडणे (मोबाइल रिपेअर आणि कव्हर. दुकानाचा राष्ट्राध्यक्ष आधीच मी आहे).

संध्याकाळी

नशीब बघा. ग्रुपमध्ये नवीन सदस्य. अराबा क्वान्सा. सॉल्टपाँडहून बदली होऊन आलीय, पोस्टात. प्रोफाइलला फुलाची कुंडी. पहिला मेसेज: 'सर्वांना नमस्कार. मला इथल्या रीती माहीत नाहीत, कृपया सांभाळून घ्या.'

सांभाळून घ्या म्हणे. माझे हात शिवशिवायला लागले. असं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं. हिचं स्वागत असं करायचं की पा क्वेसी बोटीवर बसल्या बसल्या हसला पाहिजे.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुकान उशिरा उघडलं. पण कारण राष्ट्रीय होतं.

अराबाला नियम कळवला: नवीन माणसाने प्रत्येक मंत्र्याला वेगवेगळी, स्वतःच्या आवाजात, सुप्रभात म्हणायची. ज्येष्ठतेच्या क्रमाने. चुकलं तर पहिल्यापासून. असा नियम नाही, हे सांगायला नको. ग्रुपमध्ये सगळ्यांनी तोंडावर हात ठेवलेले चेहरे टाकले. तिने लिहिलं, 'छान रीत आहे. लगेच सुरू करते.'

दुपारी टपरीवर गेलो तर आंटी मान्सा आपल्या नावचा मेसेज गिऱ्हाइकांना ऐकवत होती. परत परत. अराबाने तिला विचारलं होतं की एवढ्या पहाटे उठून मक्याचं पीठ मळतेस तर तुझी पाठ कोण चोळतं. मान्सा म्हणाली, एवढी वर्षं टपरी चालवते, मिरची कमी का हे सगळ्यांनी विचारलं, पाठीचं कुणी नाही. कुकूला अराबाने आईच्या गुडघ्याबद्दल विचारलं. आईचा गुडघा हिला कुणी सांगितला? कुकू म्हणाला, तिने आधी विचारून घेतलं. आणि नाक पुसायला लागला. ट्रोट्रोच्या दारात लोंबकळणारा माणूस, आणि नाक पुसतो.

मला मेसेज आला नाही. मी तिला आठवण केली. तिने लिहिलं, 'ज्येष्ठतेच्या क्रमाने जात आहे. आपला नंबर यायचा आहे.'

म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या माणसाला शेवटी ठेवलंय. मुलीला समज आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी दुसरा विनोद. अराबाला सांगितलं की केंकीवर वॉरंटी असते, कार्ड आंटी मान्साकडून मागून घे, नाहीतर पोट बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. ती टपरीवर जाऊन विचारणार, सगळी रांग हसणार, असा हिशोब.

तिने ग्रुपवर लिहिलं: 'आंटींकडे चौकशी केली. कार्डं स्वागतमंत्र्यांच्या दुकानात मिळतात. ज्यांचं राहिलं असेल त्यांनी आजच घ्यावं.'

सकाळपासून दुकानात लोक वॉरंटी कार्ड मागायला येतायत. एक बाई अर्धी खाल्लेली केंकी केळीच्या पानात गुंडाळून घेऊन आली, बदलून द्या म्हणाली. बिचारी अराबा, तिचा काहीतरी गोंधळ झाला. पण माझ्या दुकानाची जाहिरात किती झाली. विरोधक असले असावेत.

तरी, वॉरंटी हा विनोद बारीक होता. पा क्वेसीला लक्षात राहील असं काहीतरी मोठं पाहिजे.

दुपारी

सापडलं. पोस्टर.

आपल्याकडे माणूस गेला की पोस्टर. भिंतीवर, खांबावर, ट्रोट्रोच्या मागच्या काचेवर, सगळ्यांच्या फोनवर. तसंच झकास पोस्टर बनवायचं: 'सिस्टर अराबा क्वान्सा हिच्या गंभीर स्वभावाचं दुःखद निधन. शोकबैठक शनिवारी दुपारी, आंटी मान्साच्या टपरीवर. पोशाख काळा-लाल. मुख्य शोककर्ता: एबो एशुन, भावी राष्ट्राध्यक्ष.' खाली माझा नंबर. वेळ तीच, जागा तीच. लोक येणार, हसणार, आणि त्याच हसण्यात पा क्वेसी मला खुर्ची देणार. एका दगडात तीन.

संध्याकाळी

पोस्टर तयार. थोडी अडचण आली. अ‍ॅपमध्ये मधोमध मोठी चौकट असते आणि कोपऱ्यात छोटी गोल. मोठ्या चौकटीत अराबाचा फोटो टाकायचा, पण तिचा फोटो म्हणजे कुंडी, आणि कुंडी मोठी केली की नुसती हिरवी खिचडी दिसते. मग कुंडी गोलात टाकली आणि मोठ्या चौकटीत मी. टाय लावलेला, पासपोर्टचा फोटो, मागे अ‍ॅपनेच ढग दिले. पासपोर्ट कधी झाला नाही पण फोटो फुकट गेला नाही. मजकूर बारीक ठेवला, नाहीतर अक्षरं माझ्या हनुवटीवर येत होती.

ग्रुपवर टाकलं नाही. तिथे शनिवारी सरप्राइज. फक्त स्टेटसला टाकलं, आणि एक प्रिंट काढून दुकानाच्या शटरवर चिकटवली. निवडणूक जवळ आली की चेहरा दिसत राहिला पाहिजे.

स्टेटस सगळ्यात आधी एकुवा मावशीने बघितलं, तिकडे अक्सिममध्ये. लगेच फोन. मी उचलला नाही. आई गेल्यापासून मावशीनेच मला वाढवलं, पण ती फोन केला की एकच विचारते, जेवलास का. भावी राष्ट्राध्यक्षाला दर वेळी जेवलास का.

परत फोन. परत. मग बाकीच्यांचे. प्रतिसाद प्रचंड आहे. कुणी हसण्याचा चेहरा पाठवत नाही, म्हणजे शब्दच सुचत नसणार.

एवढे फोन आले की स्पीकर खरखरायला लागला. उघडून बघतो.

नंतर

स्पीकर ठीक आहे. स्क्रीन गेली. एक स्क्रू जमिनीवर पडला तो सापडत नाही. गिऱ्हाइकाचा फोन असता तर दहा मिनिटांत केला असता. स्वतःचा म्हटला की हात चालत नाही, डॉक्टरांचंही असंच असतं म्हणतात.

एक प्रकारे बरं झालं. खुर्चीवर बसण्याआधी थोडे दिवस माणूस कुणाला सापडू नये. मान वाढतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

टार्क्वाला आलो. इथल्या माझ्या दोस्ताकडे, साम्पाकडे, पांढरा सूट आहे, लग्नातला, लग्न त्याचं नव्हतं तरी. शपथविधीला पांढराच पाहिजे. काळ्या-लालात सगळे आणि मधोमध मी पांढरा. नजर दुसरीकडे जाणारच नाही.

दुकान बंद करून आलोय, शटरवर पोस्टर आहेच. कुणाला काही सांगितलं नाही.

साम्पा खाणीत आहे. डबल शिफ्ट. फोन गेटवर जमा करून खाली उतरतात, त्यामुळे त्यालाही जगातलं काही माहीत नाही. खोलीची किल्ली शेजारणीकडे. सूट मात्र पेटीत, आणि पेटीची किल्ली साम्पाच्या खिशात, आणि साम्पा जमिनीखाली. थांबतो.

मावशीला फोन करायचा राहिला. शेजारीण म्हणाली, माझा घ्या. पण नंबर माझ्या फोनमध्ये, आणि मला पाठ एकच नंबर आहे, माझा. लागत नाही. बंद आहे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

साम्पा वर आला. सूट मिळाला. साम्पा माझ्या दीडपट आहे, तरी खांदे सोडले तर बसतो. बाह्या आत दुमडल्या. बाहेरून बघणाऱ्याला माझ्यात मी मावत नाही असं वाटेल, ते वाईट नाही.

भाषणाचा सराव केला. सुरुवात: 'मंडळी, मी आलोय.' साधं, पण वजनदार. साम्पा ऐकता ऐकता झोपला. दमला होता.

संकल्प: पद मिळाल्यावर कुकूला माफ करणे. अराबाला छोटं खातं देणे, रुमाल-पाणी वगैरे.

९ ऑगस्ट, शनिवार. रात्री उशिरा न लिहिता उद्या लिहावं असं वाटत होतं, पण मावशी समोर बसून बघतेय की मी काय करतो, म्हणून लिहितोय

ट्रोट्रो वेळेवर निघाली नाही. दुपार टळत आली तेव्हा मान्साच्या रस्त्यावर उतरलो. लांबूनच मांडव दिसला. खरा मांडव, लोखंडी खांबांचा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, रस्त्यापर्यंत. मोठे स्पीकर, त्यातून चर्चचं गाणं. आणि माणसं, सगळी काळ्या-लालात. मी म्हटलं, पा क्वेसीने मनावर घेतलं. एवढा खर्च नको होता.

मांडवाच्या तोंडाशी माझा फोटो. बॅनर, माणसाएवढा, ढगांसकट. ऊर भरून आला. पहिल्या रांगेत एकुवा मावशी. अक्सिमहून एक बस भरून माणसं आली होती, आमच्या घराण्याचे म्हातारे एग्या बायडू काठी घेऊन, शाळेतले मास्तर, वॉरंटीवाली बाईसुद्धा. म्हटलं, काय हे प्रेम.

बाह्या झटकल्या, मधल्या वाटेने चालत गेलो, हात वर केला आणि म्हणालो, "मंडळी, मी आलोय."

पहिल्यांदा मास्तरांच्या हातातून पाण्याची पिशवी पडली. मग मागची रांग उठली. मग सगळ्याच रांगा उठल्या. कुकू माशांच्या परातीवरून उडी मारून गटाराच्या पलीकडे गेला, एक चप्पल इकडेच. चर्चच्या बायका गाणं न थांबवता पळाल्या, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत सुरात गेला. एग्या बायडूंना पळता येईना म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. मांडव जवळपास रिकामा. मी हात वरच ठेवला होता, कारण भाषणात पुढे टाळ्या होत्या.

एकच मुलगी उभी राहिली होती. बुटकी, जाड चष्मा, हातात केंकीचं ताट. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाह्यांकडे जरा जास्त वेळ. मग म्हणाली, "नवीन दिसता. बसा. जेवलात का?"

ती अराबा.

मी बसलो. दुसरं काय करणार, ताट हातात दिलं होतं.

मग एकुवा मावशी खुर्च्यांमधून पुढे आली. ती पळाली नव्हती. तिला उठताच आलं नव्हतं. माझा कान धरला, खरा आहे का बघितला, पिरगाळला, आणि मग गालावर एक दिली. म्हणाली, "मेल्या, जिवंत आहेस." आणि माझ्या साम्पाच्या सूटला तोंड लावून एवढी रडली की खांद्यावर लाल कापडाचा रंग उतरला. माझ्या तोंडात केंकी होती. मी पाणी मागितलं. मिरचीमुळे.

मागाहून कळलं ते असं. मावशीने फोटो बघितला. पोस्टरवरचं बारीक कोण वाचतं? चेहरा, वार, कापडाचा रंग, बास. मग मला फोन, मी उचलला नाही, मग बंदच. तिने मान्साला फोन केला. मान्साने कुकूला दुकानावर धाडलं. दुकान बंद, शटरवर पोस्टर. कुकूने तिथेच टोपी काढली म्हणे. आता नाकारतो. पा क्वेसीला एवढे फोन आले की त्याने गुरुवारीच अराबाला अ‍ॅडमिन करून टाकलं, तू सांभाळ म्हणून. आणि मला ग्रुपमधून काढलं. कारण माझ्याच बैठकीच्या तयारीचे मेसेज माझ्याच फोनवर जाणं बरं दिसत नाही.

बस, मांडव, खुर्च्या, पाणी, सगळं त्या मुलीने तीन रात्री जागून... म्हणजे रात्री मी मोजल्या नाहीत. सगळं तिने जमवलं.

पण तिने पोस्टर वाचलं होतं. पोस्टातली आहे, बारीक अक्षर वाचायची सवय. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं की हा माणूस जिवंत असावा, इथे माझा गंभीर स्वभाव मेलाय असं लिहिलंय. कुणी ऐकलं नाही. म्हणाले, नवीन आहे, धक्का बसलाय. मग ती म्हणाली, ठीक आहे, तो आला तरी आणि नाही आला तरी माणसं जेवणार आहेतच. रोज सकाळी ती मावशीला फोन करायची आणि म्हणायची, अजून त्याचा नंबर यायचाय, सगळ्यांना सुप्रभात झाली, तो एकटाच राहिलाय, तो येईल. मावशी म्हणाली, तेवढ्यावर मी दोन घास खाल्ले.

हे मावशीने मला सांगितलं नाही. आंटी मान्साला सांगत होती, मी फक्त तिथे होतो.

लोक हळूहळू परत आले. आधी लांबून, मग जवळून, मग मला बोटाने टोचून. एग्या बायडूंनी डोळे उघडले आणि काठी आपटली. आमच्या घराण्यात असं आधी कधी झालं नव्हतं, त्यामुळे रीत तिथल्या तिथे ठरवावी लागली. म्हणाले, कुणी गेलं की नंतर घरचे लोक आलेल्यांचे आभार मानायला फिरतात. इथे गेलेला परत आलाय, तर तोच फिरेल. प्रत्येकाचे वेगवेगळे. सगळे हो म्हणाले. एवढी माणसं, आणि अर्धी अक्सिमची. मी विचारलं, एकदम ग्रुपवर एक मेसेज टाकला तर? एग्यांनी काठी उचलली.

अराबाने चष्मा पुसला. म्हणाली, "ग्रुपमध्ये तसा नियमच आहे. स्वतःच्या आवाजात. ज्येष्ठतेच्या क्रमाने. चुकलं तर पहिल्यापासून."

पा क्वेसी तेव्हा हसला. खुर्चीवरून पडेपर्यंत. बोटीवर हसायचं ठरलं होतं, पण हसला हे महत्त्वाचं. विनोद माझा होता, हे नोंद करून ठेवतो.

अध्यक्षपदाबद्दल कुणी काही बोललं नाही. मी आठवण केली. पा क्वेसी म्हणाला, ते गुरुवारीच झालं ना. तात्पुरतं असणार.

१० ऑगस्ट, रविवार

मावशी बसने परत गेली. जाताना म्हणाली, फोन दुरुस्त कर. स्क्रू तिनेच शोधला, काउंटरखाली, दोन मिनिटांत. बसच्या खिडकीतून विचारलं, जेवलास का. मी म्हटलं, हो. तिने परत विचारलं. मी परत हो म्हटलं. बस वळेपर्यंत.

फोन चालू झाला. ग्रुपमध्ये परत घेतलं. सगळ्यांना दिसलं: एबो एशुन, नवीन सदस्य. अराबाने लिहिलं, 'आपलं स्वागत आहे. इथल्या रीती माहीत नसतील तर विचारावं.' खातं अजून मिळालेलं नाही. मी स्वागतमंत्री आहे हे लिहिलं, तर कुकूने कळवलं की ते पद मंत्र्याच्या निधनामुळे रद्द झालंय.

आभाराची सुप्रभात सुरू केली. एग्या बायडू, मग मास्तर. आंटी मान्साने तिची परत पाठवली. म्हणाली, आवाजात जीव नाही, पाठीचं विचारलं नाहीस, परत कर. चुकलं तर पहिल्यापासून. परत एग्या बायडू.

१२ ऑगस्ट, मंगळवार

कुकूच्या आईपर्यंत पोचलो होतो. अराबाने एकुवा मावशीलाही ग्रुपमध्ये घेतलं. मावशी ज्येष्ठ निघाली, मास्तरांच्या आधी येते. क्रम चुकला. पहिल्यापासून.

मावशीची सुप्रभात रेकॉर्ड करायला घेतली. भाषण पाठ होतं, पण ते इथे चालत नव्हतं. शेवटी म्हटलं, सुप्रभात मावशी, जेवलीस का. तिने परत पाठवली नाही. ठेवून घेतली.

साम्पाचा सूट धुतला. लाल जात नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पा क्वेसी बोटीवर गेला. अराबाचं तात्पुरतं अजून चालू आहे.

आज तिची माझ्यासाठीची सुप्रभात आली. शेवटच्या नंबरची. नुसतं म्हणाली, सुप्रभात, एबो, आज दुकान वेळेवर उघडलं असेल अशी आशा. ऐकली तेव्हा दुकान बंद होतं. उघडलं.

संकल्प: हे नवीनपण संपवायचं. सोपं आहे. पुढचा नवीन माणूस आला की मी जुना. मग त्याचं असं स्वागत करीन की ताकोराडी विसरणार नाही. योजना तयार आहे, यात पोस्टर नाही. अराबाला विचारलं, पुढचा सदस्य कधी येणार.

तिने लिहिलं: 'मंत्रिमंडळाची बैठक झाली. तुमच्यानंतर कुणाला घ्यायचं नाही असं ठरलं. ग्रुप नवीन माणसांसाठी बंद केला आहे.'

कुकूने अंगठा दिला. मान्साने अंगठा दिला. मावशीने, अंगठा कसा देतात माहीत नसल्यामुळे, फुलाची कुंडी पाठवली.

एग्या बायडूंची सुप्रभात परत आलीय. माझं नाव आधी सांगायला विसरलो म्हणे. पहिल्यापासून.